विष्णुपंतांचा बास

विष्णुपंत भुस्कुटे महाबळेश्वरला गेले ते आरामखुर्ची आणायला. हे सुरुवातीलाच सांगितलेलं बरं. पुढे साताऱ्याच्या मंगळवार पेठेत या प्रकरणाच्या ज्या हकिकती पसरल्या त्यांत आरामखुर्चीचं नाव कुणी घेत नाही, आणि माणसाचा मूळ हेतू किती निरुपद्रवी होता हे लोक सोयीस्करपणे विसरतात.

लढाई संपून वर्ष होत आलं होतं. महाबळेश्वरच्या एका हॉटेलाचा गोरा मालक गाशा गुंडाळून विलायतेला निघाला होता आणि पाऊस लागायच्या आत त्यानं सगळं सामान विक्रीला काढलं होतं. वेताच्या आरामखुर्च्या मातीमोलानं जाताहेत, अशी बातमी विष्णुपंतांच्या कचेरीत आली. विष्णुपंत तिथे हेडक्लार्क. सोळा वर्षं बिनहाताच्या खुर्चीत बसून त्यांची पाठ त्यांच्यावर रुसली होती. तेव्हा पत्नी उमाबाईंनी डब्यात दशम्या बांधून दिल्या आणि विष्णुपंत रविवारच्या पहिल्या मोटारीनं वर गेले.

खुर्च्या हॉटेलच्या नाचघरात रचून ठेवल्या होत्या. पण खुर्च्यांच्या मागे, भिंतीला टेकून, ते उभं होतं.

आता विष्णुपंतांचा एक नाद सांगायला हवा. ते जुनी वाद्यं आणत. भाता फाटलेली पेटी, भोपळा पिचलेला तंबोरा, खुंट्या हरवलेली सतार, असं काहीतरी कुठूनतरी हुडकायचं, ओसरीत बसून खरडायचं, पॉलिश करायचं, तारा चढवायच्या, महिना-दोन महिने आल्यागेल्याला दाखवायचं आणि विकून दुसरं आणायचं. अकरा वर्षं हे चाललं होतं. त्यातही खर्जाचं वाद्य दिसलं की त्यांच्या तोंडाला पाणी सुटे. आणि नाचघरात जे उभं होतं ते माणसापेक्षा हातभर उंच, चार तारांचं, एखाद्या सारंगीचा खापरपणजोबा शोभेल असं काळसर लाकडी धूड होतं.

शेजारी बँडमधला एक गोव्याचा वादक आपली बॅग आवळत बसला होता.

"याला काय म्हणतात?" विष्णुपंतांनी विचारलं.

"बास."

"बास काय? अजून मी काही विचारलंच नाही!"

"ह्याचं नाव बास," वादक म्हणाला आणि बसल्या बसल्या त्यानं हात लांब करून सगळ्यांत जाड तार एका बोटानं ओढून सोडली.

तो सूर विष्णुपंतांच्या जोड्यांतून शिरला, गुडघ्यांत थोडा रेंगाळला आणि टोपीतून बाहेर पडला. ते जागच्या जागी थिजले. आरामखुर्चीचे पैसे त्यांनी कुणाच्या हातात ठेवले, हे त्यांना आजतागायत आठवत नाही.

तो वादक भला माणूस. त्यानं जाता जाता इंग्रजीत बजावलं, की या तारा 'गट'च्या आहेत, जपा. विष्णुपंतांनी मान डोलावली. चार तारांचा गट आहे, हे त्यांनाही दिसतच होतं.

बास मोटारीच्या आत मावणं शक्य नव्हतं. कंडक्टरनं तो टपावर उभा करून मागच्या गाठोड्यांना बांधला आणि धूळ लागू नये म्हणून विष्णुपंतांनी उमाबाईंसाठी घेतलेलं नवं लुगडं त्याच्यावर लपेटलं. हेच चुकलं. मोटार वाईला थांबली तेव्हा खाली उभ्या असलेल्या रंगुबाई नावाच्या एका भाजीवालीनं वर बघितलं. निमुळती मान, उतरते खांदे, त्याखाली भरलेलं पोट, आणि अंगभर लुगडं. तिनं पाटीच खाली टाकली.

"आरं मुडद्यांनो!" ती कंडक्टरवर ओरडली. "पोटुशी बाई टपावर बसवलीय, आन् बापय गडी आत बसून तमाकू मळताय व्हय? कोन हाय तिचा दाल्ला?"

सगळी मोटार विष्णुपंतांकडे बघायला लागली.

"अहो बाई, ती बाई नाही. तो बास आहे," विष्णुपंत म्हणाले.

"बास? मला बास म्हनतोस?" रंगुबाई चाकावर पाय देऊन वर चढायला लागली. "ये गं बाय खाली! घाबरू नगंस! मी हाय!" तिनं लुगड्याला हात घातला, खालचं लाकूड लागलं, आणि ती ज्या वेगानं चढली त्याच्या दुप्पट वेगानं उतरली. बाईचं लाकूड झालेलं तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. मोटार सुटेपर्यंत वाईच्या स्टँडावर पन्नास माणसं जमली होती आणि विष्णुपंत दोन बाकांच्या मधे काहीतरी पडल्यासारखं शोधत वाकून बसले होते.

साताऱ्यात उमाबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी आधी नवऱ्याकडे बघितलं, मग बासाकडे, मग त्याच्या अंगावरच्या आपल्या नव्या लुगड्याकडे.

"खुर्ची कुठाय?"

"अगं, खुर्चीत काय, माणूस नुसता बसतो," विष्णुपंत म्हणाले.

दार बासाला पुरेना. आडवा केला तर पोट अडके, उभा केला तर मान. शेजारचे नारायणराव हे निवृत्त पोस्टमास्तर. पेन्शन घेतल्यापासून त्यांनी सल्ल्याचा बटवडा सुरू केला होता, तोही बिनतिकिटाचा. त्यांनी चौकट काढायला सांगितलं. केरबा सुतार आला, त्यानं चौकट बघितली, बास बघितला आणि सांगितलं, "पंत, चौकट सागाची हाय. ह्याचीच मान कापू, सोपं जाईल." शेवटी बास तिरपा, पोट वर करून, खिडकीतून आत गेला आणि जागा एकच होती म्हणून देवघराशेजारी उभा राहिला.

तिथे तो तीन दिवस राहिला. चौथ्या दिवशी नारायणराव चहाला आले असता विष्णुपंतांनी 'गट' तारांचा विषय काढला. नारायणरावांना 'गट' हा शब्द इंग्रजी असावा अशी शंका आली. त्यांनी घरून डिक्शनरी आणली, चष्मा लावला, बोट फिरवलं आणि मोठ्यानं वाचलं, "गट. म्हणजे आतडे."

स्वयंपाकघरात भांडं पडलं.

"कुणाचं आतडं?" उमाबाई दारात आल्या.

"मेंढीचं, असं दिसतं," नारायणराव पुढचं वाचत म्हणाले. "वाळवून, पीळ देऊन..."

उमाबाईंनी देवघराकडे बघितलं. तीन दिवस नैवेद्य तिथून चार बोटांवर ठेवला जात होता. त्यांनी चिमटा आणला, नवऱ्याच्या हातात दिला आणि परसाकडे बोट दाखवलं. त्या दुपारी विष्णुपंतांनी चारही तारा चिमट्यात धरून परसात पुरल्या आणि दोन वेळा आंघोळ केली. देवघर शेणानं सारवलं गेलं. बास ओसरीत हद्दपार झाला.

दुसरा कुणी असता तर इथे थांबला असता. पण विष्णुपंतांच्या मते तारा नसलेलं वाद्य म्हणजे पॉलिश करायची आयती संधी. काचेच्या तुकड्यांनी त्यांनी त्याचं जुनं रोगण खरडलं. आता हवी चपडा लाख आणि ती विरघळायला स्पिरिट. स्पिरिट कंट्रोलात. त्याचा परवाना अबकारी कचेरीत. विष्णुपंत स्वतः हेडक्लार्क; अर्ज कसा करावा हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. त्यांनी सुवाच्य अक्षरात अर्ज लिहिला आणि 'कशासाठी हवे' या रकान्यात एकच शब्द घातला: 'बास'.

आठ दिवसांनी त्यांना बोलावणं आलं.

"भुस्कुटे," तिथला कारकून अर्ज नाचवत म्हणाला, "सरकार विनयानं विचारतं, कशासाठी हवे. आणि तुम्ही सरकारला सांगता, बास?"

दुसऱ्या अर्जात त्यांनी 'वाद्यास लावणेसाठी' असं लिहिलं. तो 'मद्यास' असा वाचला गेला. तिसऱ्या अर्जाला परवाना मिळाला, पण तोवर सगळ्या पेठेला कळलं होतं की भुस्कुट्यांनी दारूसाठी तीन अर्ज केले. ओसरीत दोन बाटल्या आणि बासाशेजारी उकिडवे बसलेले विष्णुपंत दिसले की माणसं हळहळून पुढे जात. कचेरीतल्या साहेबांनी त्यांना आत बोलावून खांद्यावर हात ठेवला आणि "घरी सगळं ठीक आहे ना?" असं विचारलं. सोळा वर्षांत साहेबांनी खांद्यावर हात ठेवला नव्हता. विष्णुपंतांना तो हात फार लागला.

केरबानं दिलेली लाख कच्ची निघाली. बांगड्या करायची. शिवाय आषाढाचा पाऊस. पॉलिशचा हात फिरला की वर पांढरं धुकं धरे. ते घालवायला विष्णुपंत पुन्हा हात देत, नारायणराव ओसरीच्या पायरीवरून "अजून एक द्या" म्हणत, आणि प्रत्येक हाताबरोबर बास तांबडा होत गेला. श्रावण आला तेव्हा ओसरीत पुरुषभर उंचीची एक शेंदरी, गुळगुळीत, पोट सुटलेली आकृती उभी होती.

श्रावणातल्या दुसऱ्या शनिवारी सकाळी विष्णुपंत ओसरीत आले आणि तोंड धुवायचं विसरले. बासाच्या गळ्यात रुईची माळ होती. पायाशी नारळ. आणि कुणीतरी भक्तिभावानं त्याच्या डोक्यावर पावशेर गोडं तेल ओतलं होतं, ते त्यांच्या दोन महिन्यांच्या पॉलिशवरून शांतपणे ओघळत होतं.

"मारुतीला तेल चालतं. पॉलिशला चालतं का, ते बघायला हवं," नारायणराव म्हणाले.

एवढं झाल्यावर, दिवाळीनंतर, आला मानसिंग. मानसिंग पलटणीत सिग्नलमध्ये होता. सुटून आल्यावर त्यानं साताऱ्यात लाउडस्पीकर भाड्यानं द्यायचं दुकान काढलं होतं आणि ज्या वस्तूतून अजून आवाज येत नाही ती त्याला बघवत नसे. त्यानं बासाला सायकलच्या ब्रेकच्या तारा चढवल्या. त्या आतड्याच्या नव्हत्या, त्यामुळे उमाबाईंचं काही म्हणणं नव्हतं. पण तार ओढली की फक्त 'टुप्' असा आवाज येई. पाण्याच्या घागरीत लिंबू पडावं तसा.

"आवाज आत हाय, पंत," मानसिंग म्हणाला. "आपन त्याला भाईर काढू."

त्यानं टेलिफोनचं बोलायचं तोंड बासाच्या पोटात बसवलं, त्याच्या वायरी आवाज वाढवणाऱ्या एका पेटीला जोडल्या, पेटी मोटारीच्या बॅटरीला, आणि पेटीतून एक भोंगा काढून ओसरीच्या आढ्याला टांगला. रविवारची सकाळ होती. उमाबाई अंगणात डाळ वाळत घालत होत्या. विष्णुपंतांनी धोतर सावरलं, बासाची मान धरली आणि तारांना हात लावला.

मानसिंगच्या म्हणण्याप्रमाणे तो झटका किरकोळ होता. पलटणीत असले झटके चहाबरोबर बसत. पण विष्णुपंतांना पलटणीची सवय नव्हती. ते उभे होते तिथून उडाले ते पायरीवरच्या नारायणरावांच्या मांडीत जाऊन बसले. आणि त्याच वेळी भोंग्याचा आवाज पोटातल्या टेलिफोननं ऐकला, तो भोंग्याला सांगितला, भोंग्यानं तो परत टेलिफोनला सांगितला, आणि त्या दोघांत जी काही चढाओढ लागली तिचा एकच लांबलचक, चढत जाणारा आकांत सगळ्या साताऱ्यावर पसरला.

लढाईत विमानांचा इशारा कसा होतो, हे लोकांना शिकवलं होतं आणि ते अजून विसरले नव्हते. मंगळवार पेठेची दारं धडाधड लागली. नारायणराव विष्णुपंतांना मांडीवरून ढकलून घरात धावले आणि पलंगाखाली शिरले. शिरले ते सहज; निघणं जमेना. लढाई संपलीय, हे त्यांना पलंगाखाली पोटावर पडल्यावर आठवलं. मानसिंगनं बॅटरी सोडवली तेव्हा शांततेत फक्त त्यांचाच आवाज येत होता. "अहो, मला बाहेर काढा! पलंग उचला!"

पोलीस जमादार आला. परवानगीशिवाय इशारा वाजवल्याबद्दल विष्णुपंतांचा जबाब झाला. जबाब घ्यायला ओसरीत खुर्ची नव्हती, त्यामुळे तो सगळा उभ्यानं झाला. शेजारीपाजारी कुंपणाला टेकून ऐकत होते.

जमादार गेल्यावर उमाबाई पुढे आल्या. डाळीत धूळ पडली होती. त्या शांत आवाजात बोलल्या, आणि बावीस वर्षांच्या संसारात विष्णुपंतांना त्यांच्या शांत आवाजाचीच जास्त भीती वाटत आली होती.

"सांगलीच्या नाटक मंडळीला हे धूड विकायचं तुम्ही पत्र घातलं होतं ना?"

"हो. मॅनेजर घेतो म्हणतात. गडगडणारं काहीतरी हवंय त्यांना."

"उद्याच निघू. मीही येते. सांगलीहून तो तरी परत येईल, नाहीतर मी तरी. दोघं नाही."

विष्णुपंत हसायला गेले. उमाबाई हसल्या नव्हत्या. त्यांनी खरोखरच ट्रंक काढून चार लुगडी भरली. सांगलीला त्यांची बहीण होती.

सातारारोड स्टेशनवरून बास आगगाडीच्या सामानाच्या डब्यात चढला. मदतीला आलेला मानसिंग भोंगा मांडीवर घेऊन बसला, उमाबाई खिडकीशी. मिरजेपर्यंत त्या विष्णुपंतांशी एक अक्षर बोलल्या नाहीत. ऊस बघत राहिल्या. विष्णुपंतांनी दोनदा दशमी पुढे केली. दोनदा ती तशीच परत आली. मिरजेला गाडी बदलली आणि दुपारी दीडच्या सुमाराला ते सांगलीत उतरले.

बाहेर एकच बैलगाडी रिकामी होती. गाडीवान पस्तिशीचा, खाकी पलटणी सदरा घातलेला, नाव सयाजी. पेठेत गूळ उतरवून तो गावाकडे परत निघाला होता. त्यानं स्टेशनातून निघणारं ते तांबडं धूड बघितलं आणि हातातला कासराच सोडला.

"आवं, ह्ये..." तो म्हणाला. त्यानं स्वतः पुढे होऊन बास उचलला. मान कुठे धरायची, बूड कुठे, हे त्याला कुणी सांगितलं नाही. पण ते त्या वेळी विष्णुपंतांच्या ध्यानात आलं नाही.

स्टेशनच्या तोंडाशी संस्थानचा जकात नाका. नाक्यावरच्या कारकुनानं पेन कानावरून काढलं.

"काय माल?"

"वाद्य," विष्णुपंत म्हणाले.

कारकुनानं वही उघडली. "वाद्यांत तंबोरा, सतार, पेटी, फोनोग्राफ, ढोलकी, सनई. यातलं कोणतं?"

"यातलं नाही. हा बास."

"यात नसेल तर वाद्य कसं? लाकडी सामानात धरतो. कपाट."

"कपाट?" विष्णुपंत लाल झाले. इतके दिवस त्यांना दारुडा म्हटलं, जबाब घेतला, मांडीवरून ढकललं. ते सगळं त्यांनी गिळलं होतं. पण हे काही गिळवेना. "कपाटाला तारा असतात का? कपाटाला मान असते का? साहेब, अकरा वर्षं मी वाद्यांत आहे!"

"मग सोपंच आहे," कारकून म्हणाला. त्यानं वही मिटली आणि हाताची घडी घातली. "वाद्य ना? वाजवून दाखवा."

नाक्यावर बरीच माणसं थांबली होती. हमाल, दोन मास्तर, शेंगांची पोती घेऊन आलेला एक शेतकरी. सगळे गाडीभोवती सरकले.

विष्णुपंत गाडीजवळ गेले. त्यांनी बास उभा केला. मान धरली. एक तार ओढली.

टुप्.

दुसरी ओढली. टुप्. कुणीतरी खोकलं. विष्णुपंतांनी चारही तारांवरून हात फिरवला, तेव्हा फणीवरून नख फिरल्यासारखा आवाज झाला. मानसिंगनं हळूच विचारलं, "भोंगा जोडू?" पण विष्णुपंतांनी नुसती मान हलवली. भोंग्यानं फक्त टुप् मोठं झालं असतं.

उमाबाई त्यांच्याकडे बघत होत्या. रागानं नव्हे. बावीस वर्षांत प्रथमच काहीतरी नवीन दिसल्यासारख्या.

"कपाट," कारकुनानं लिहायला घेतलं.

"जरा थांबा की, सायेब," सयाजी म्हणाला. "मी बगू का?"

त्यानं मुंडासं काढून गाडीत ठेवलं. बासाच्या डोक्यावरच्या खुंट्या एकेक करून पिळल्या. ब्रेकच्या तारा किरकिरल्या, कण्हल्या, मग ताणून उभ्या राहिल्या. तारांच्या खालचा लाकडी घोडा वाकडा बसला होता, तो त्यानं मुठीनं ठोकून सरळ केला. पोटात हात घालून मानसिंगचा टेलिफोन उपसून काढला आणि मानसिंगच्याच हातात दिला. मग तो बासाच्या मागे उभा राहिला, त्याला आपल्या कुशीत कलता घेतला, डोळे मिटले, आणि वाजवायला लागला.

सुरुवातीला जमीनच वाजतेय असं वाटलं. बैलांनी कान टवकारले. मग त्या जाड, संथ आवाजातून एक चाल उठली. कुणाच्या ओळखीची नव्हती, पण दोन पावलं पुढे, एक मागे, अशी ती चालत होती, आणि बघता बघता हमालांची डोकी तिच्यावर हलायला लागली. नाक्याच्या खिडकीची काच थरथरत होती. कारकुनाच्या पेनातून शाईचा थेंब वहीवर पडला तरी त्यानं टिपकागद घेतला नाही. ना भोंगा, ना बॅटरी. विष्णुपंतांच्या तोंडाचा आ झाला होता आणि तो मिटायचं त्यांना सुचत नव्हतं. महाबळेश्वरला ऐकलेला तो एक सूर सहा महिने ते बाटल्यांतून, परवान्यांतून, वायरींतून शोधत होते.

सयाजी थांबला. कारकुनानं मुकाट्यानं वहीत नवी ओळ आखली आणि लिहिलं: बास, वाद्य, एक.

"कुठे शिकलात?" विष्णुपंतांनी विचारलं.

"इटलीत, पंत. लढाईत. मी पलटणीच्या बँडात ढोलावर हुतो. एका गावात चार म्हयनं तळ पडला. तिथला एक म्हातारा न्हावी असलं वाजवायचा. त्याची भाषा मला येत न्हाई, माजी त्याला येत न्हाई. मग बोलनार काय? वाजवत बसायचो." त्यानं बासाच्या शेंदरी पोटावरून हात फिरवला. "गावाकडं आलो, उसाला पानी देतुया. पर बोटं इसरली न्हाईत. तुमी यावर काय वाजवता, पंत?"

प्रश्न अगदी साधा होता. विचारणाऱ्याच्या मनात कपट नव्हतं. पण अकरा वर्षांत सतरा वाद्यं विष्णुपंतांच्या ओसरीतून गेली होती आणि हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. त्यांनी स्वतःही नाही.

"मी..." ते म्हणाले. "मी पॉलिश करतो."

नाटक मंडळीचं बिऱ्हाड नदीकडे होतं. मॅनेजर लगबगीनं बाहेर आले, त्यांनी बासाला एक प्रदक्षिणा घातली आणि ते प्रसन्न झाले.

"उत्तम! गदायुद्धाला हेच हवं होतं. या तारा काढून टाकू, मान कापू, आणि आडवा करून पोटावर मुसळानं हाणलं की काय गडगडाट होईल! अरे, मुसळ आणा रे!"

मुसळ आलं. मॅनेजरांनी ते उचललं. विष्णुपंत मधे उभे राहिले.

पन्नाशीला आलेले विष्णुपंत आयुष्यात कधी कुणाच्या मुसळासमोर उभे राहिले नव्हते. त्यांची टोपी वाकडी झाली होती. "हात लावायचा नाही," ते म्हणाले. "विकायचा नाही हा."

"अहो, पण पत्रात तर तुम्हीच..."

"पत्रात चुकलं!"

मॅनेजर मुसळ घेऊन, हे कोण वेडे, अशा चेहऱ्यानं आत गेले. रस्त्यावर बैलगाडी, गाडीत बास, आणि बासाजवळ विष्णुपंत. आणि तेव्हा त्यांना उमाबाईंचं वाक्य आठवलं. ते हळूहळू वळले. उमाबाई ट्रंकेवर बसल्या होत्या. बहिणीचं घर तिथून दोन गल्ल्यांवर होतं.

"उमा," विष्णुपंत म्हणाले. मुसळासमोर सुचलं होतं, इथे सुचलं नाही.

उमाबाईंनी त्यांच्याकडे बघितलं, मग सयाजीकडे.

"तुमचं गाव किती लांब?"

"तीन कोस. कृष्णेकाठी."

"घरात ओल येते का?"

"न्हाई जी. माडी हाय. कोरडी ठाक."

"मग याला तिथे ठेवा. वाजवा. आणि यांना शिकवा," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं होतं सांगलीहून साताऱ्याला तो परत येणार नाही. तुमच्या गावाला जाणार नाही असं म्हटलं नव्हतं." मग त्या उठल्या आणि ट्रंक गाडीत ठेवायला मानसिंगला खूण केली. "आणि साताऱ्याची संध्याकाळची गाडी चुकायच्या आत मला दशमी द्या. सकाळपासून पोटात काही नाही."

त्यानंतर महिन्यातून एकदा विष्णुपंत आणि उमाबाई शनिवारच्या गाडीनं सांगलीला जात, बहिणीकडे मुक्काम करत आणि रविवारी सकाळी सयाजीच्या गावी पोचत. पहिल्या खेपेला सयाजीनं त्यांना तारेला हात लावू दिला नाही. नुसतं उभं कसं राहायचं ते शिकवलं. दुसऱ्या खेपेलाही उभंच केलं. कचेरीत सोळा वर्षं बसलेल्या माणसाला हे फार जड गेलं. मानसिंगनं भोंगा बरोबर देऊ का असं विचारलं, त्याला उमाबाईंनीच नको म्हणून सांगितलं.

तिसऱ्या खेपेला संक्रांत झाली होती. अंगणात सयाजीची आई बनुबाई आणि उमाबाई हरभरा सोलत बसल्या होत्या. सयाजीनं विष्णुपंतांचा उजवा हात धरून जाड तारेवर ठेवला. "बोटानं न्हाई वडायचं, पंत. खांद्यातनं येऊ द्या. आन् घाई न्हाई."

विष्णुपंतांनी श्वास घेतला. तार ओढली. सोडली.

सूर आला. थोडा घोगरा, थोडा वाकडा, पण सूर. तो त्यांच्या छातीला टेकलेल्या लाकडातून सरळ आत गेला. आपल्या हातून हे झालं, या धक्क्यानं विष्णुपंत इतके दचकले की त्यांनी बास सोडूनच दिला. धूड कलंडलं; सयाजीनं झेप घेऊन ते धरलं.

"आवं दादा!" बनुबाई ओरडली. "आता कुटं जीव आला त्याच्यात, आन् सोडताय व्हय? धरा, धरा!"

विष्णुपंतांनी बासाची मान दोन्ही हातांनी घट्ट धरली. ते तसेच उभे राहिले. मग उमाबाईंनी मांडीवरचा हरभरा सुपात ओतला, पदर खोचला आणि बासाच्या दुसऱ्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या.

"मान मी धरते," त्या म्हणाल्या. "तुम्ही तारेकडे बघा."

विष्णुपंतांनी तारेकडे बघितलं.